रक्ताचा कागद आणि गुडघ्याची साक्ष



आपल्या या वार्षिक मालेत सहसा संतवाङ्मय, नाटक, होळकरशाहीचा इतिहास असे विषय असतात. यंदा एका निवृत्त पॅथॉलॉजिस्ट बाईला बोलावून गुडघेदुखीच्या रक्ततपासण्यांवर बोलायला सांगितलेत, तेव्हा मला थोडा संकोच वाटला होता. सभागृहात शिरले आणि तो गेला. मी शाळेत असताना इंदूरच्या व्याख्यानांना पुढची सतरंजी आधी भरायची आणि खुर्च्या उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला यायच्या. आज सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत, मागे चारजण उभे आहेत आणि एवढ्या मोठ्या सतरंजीवर कोणाचा तरी एक नातू एकटाच बसला आहे. विषय योग्य निवडलात!

हे व्याख्यान पुढे छापले जाणार आहे. तेव्हा जे आज जिना चढवत नाही म्हणून आलेले नाहीत, ते घरी बसून हे वाचतील. माझे खरे श्रोते तेच आहेत, असे समजून मी बोलते.

गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. या आजारात रक्ताचा रिपोर्ट तुमचे दुखणे मोजत नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच. ऐकायला सोपे वाटते, पण हे न कळल्यामुळे काय होते, ते मी माझ्याच घरात पाहिले आहे. तिथूनच सुरुवात करते.

माझी आई तेव्हा बहात्तर वर्षांची होती. आमचे घर जुन्या पद्धतीचे, देवघर वरच्या मजल्यावर. उतरताना ती कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत यायची. दुखते म्हणायची. मी माझ्याच लॅबमध्ये तिचे रक्त तपासले. ईएसआर २८, सीआरपी ४, आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड ठीक. मी कागदावर सही केली आणि घरी येऊन आनंदाने सांगितले, "आई, सगळं नॉर्मल आहे. काही नाही तुला."

ती हो म्हणाली. त्यानंतर तिने गुडघ्याचे नाव काढले नाही. देव खाली आणले गेले, कारण "खालीच बरे वाटतात" म्हणाली. मंगळवारचे भजन सुटले, वाचनालय सुटले. जवळजवळ दोन वर्षांनी मी तिला विचारले, की तू बाहेर का पडत नाहीस? ती म्हणाली, "दुखतं गं. पण तूच म्हणालीस ना, रक्तात काही नाही. मग मनातच असेल माझ्या."

मंडळी, तीस वर्षांहून अधिक काळ मी रिपोर्टांवर सह्या केल्या. त्या एका वाक्याने मला जे शिकवले, ते एम.डी.च्या पुस्तकांनी शिकवले नव्हते. रिपोर्ट खरा होता. त्याचा मी सांगितलेला अर्थ खोटा होता.

आता या तपासण्या नेमके काय मोजतात, ते पाहू. विषय रुक्ष नाही. घाबरू नका.

ईएसआर म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात, त्याचा आकडा. जुन्या काळी युरोपात रोग्याची शीर उघडून रक्त काढत आणि भांड्यात ठेवत. तापाने, सुजेने आजारी असलेल्या माणसाच्या रक्तावर फिकट सायीसारखा थर जमतो, हे वैद्यांना शेकडो वर्षे दिसत होते. पेशी लवकर तळाला गेल्या, की वर तो थर उरतो. त्याचे मोजमाप मात्र पोलंडच्या बिएरनात्स्की यांनी १८९७ साली मांडले. पुढे स्वीडनमध्ये फोरेअस यांनी १९१८ च्या सुमारास त्याचा अभ्यास केला आणि १९२१ मध्ये वेस्टरग्रेन यांनी ती नळी रूढ केली, जी आम्ही अगदी अलीकडेपर्यंत रोज वापरत होतो. चार भाग रक्त, एक भाग सोडियम सायट्रेट, दोनशे मिलिमीटरच्या खुणांची काचेची नळी, आणि एक तास थांबायचे. तासाभरात वर जेवढा स्वच्छ द्रव उरला, तेवढे मिलिमीटर म्हणजे तुमचा ईएसआर.

आता पेशी लवकर का बसतात? शरीरात कुठे मोठा दाह सुरू झाला, की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त बनवते. त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, नाण्यांची चवड लागावी तशा, आणि चवड जड म्हणून भराभर खाली जाते. म्हणजे हा आकडा दाहाचा थेट माप नाही. दाहामुळे बदललेल्या रक्ताचा तो परिणाम आहे, आणि त्यात इतर पुष्कळ गोष्टी लुडबूड करतात. रक्त कमी असेल तर ईएसआर वाढतो. वयाबरोबर वाढतो. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त असतो. गरोदरपणात वाढतो. मूत्रपिंडाच्या विकारात वाढतो. एवढेच काय, नळी स्टँडमध्ये तीन अंश तिरकी राहिली तरी आकडा सुमारे तीस टक्क्यांनी चढू शकतो. मे महिन्यात पंखा बंद पडलेल्या खोलीत केलेला ईएसआर आणि जानेवारीतला ईएसआर यांतही फरक पडतो. आमच्या तंत्रज्ञांना मी रोज ओरडायची, "नळी सरळ उभी करा," ते उगाच नव्हे.

वयाचा एक साधा हिशेब लक्षात ठेवा. पुरुषाने आपल्या वयाचे निम्मे करावे. बाईने वयात दहा मिळवून निम्मे करावे. एवढा ईएसआर त्या वयाला चालतो. सत्तर वर्षांच्या बाईचा ४० पर्यंत चालतो. पण छापील कागदावर पुष्कळदा सगळ्यांसाठी एकच मर्यादा असते, शून्य ते वीस. मग ३२ आकडा ठळक अक्षरात येतो, शेजारी बाण येतो आणि रात्रीची झोप जाते.

दुसरी तपासणी सीआरपी. ही १९३० सालची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या एका घटकाला त्यांनी 'सी' असे नाव दिले होते. त्या घटकाशी जुळणारे काहीतरी त्या रोग्यांच्या रक्तात असते आणि रोगी बरा झाला की नाहीसे होते, असे त्यांना आढळले. तेच हे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. यकृत ते बनवते. दाहाच्या जागेवरून इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तातून यकृताकडे जातो आणि यकृत कामाला लागते. सहा-आठ तासांत सीआरपी चढू लागते, दोन दिवसांत शिखरावर जाते, आणि कारण संपले की दर एकोणीस-वीस तासांनी निम्मे होत उतरते. ईएसआर मात्र आठवडेच्या आठवडे चढलेला राहतो. म्हणून सीआरपी आज काय चालले आहे ते सांगते, आणि ईएसआर बऱ्याच दिवसांची गोष्ट सांगत बसतो, आपल्या घरातल्या थोरल्या माणसांसारखा.

सीआरपीच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. काही लॅब हा आकडा एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही एका डेसिलिटरमागे. दोन्हींत दहापटीचा फरक आहे. ०.६ आणि ६ हे एकच असू शकते. गेल्या वर्षीचा कागद एका लॅबचा आणि यंदाचा दुसऱ्या लॅबचा असेल, तर आकडा पाहण्याआधी त्याच्यापुढचे एकक पाहा. "सीआरपी दसपट बढ़ गया, मॅडम," असे म्हणत घाबरून आलेले लोक मी पाहिले आहेत. वाढले काहीच नव्हते.

आता मुख्य प्रश्न. गुडघा सुजतो, दुखतो, कधी पाणी धरतो, मग रक्तात ते का दिसत नाही?

पूर्वी आम्हाला शिकवत, की ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे नुसती झीज, दाराची बिजागरी झिजावी तशी. आता तसे मानत नाहीत. कूर्चा विरळ होते हे खरे, पण कूर्चेत मज्जातंतूच नसतात. ती स्वतः दुखू शकत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याच्या आतले अस्तर, भोवतालचे आवरण आणि स्नायूंची टोके. त्या अस्तराला अनेकदा सौम्य दाह झालेला असतो. पण तो त्या सांध्यापुरता. निरोप यकृतापर्यंत जातो तो अगदी क्षीण. वाड्यातल्या आतल्या खोलीत दोन जावांचे भांडण चालले आहे आणि रस्त्यावरच्याला काही ऐकू येत नाही, तसे हे आहे. रस्त्यावर शांतता आहे म्हणून घरात भांडण नाही, असे कोणी म्हणेल का? मी आईला तेच म्हटले होते.

आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची गोष्ट निराळी. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते, एकाच वेळी अनेक सांधे पेटतात आणि त्याचा गलबला रक्तात ऐकू येतो. बोलण्यात आपण दोन्हींना संधिवात म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्या वैद्यांनी हा भेद ओळखला होता. आपण एका शब्दात दोन्ही कोंबले. तुम्ही शब्दांची माणसे आहात, म्हणून सांगते. 'सूज' हा शब्दही असाच. गुडघा फुगलेला दिसतो ती सूज, आणि डॉक्टर दाह म्हणतात तीही सूज. "रक्तात सूज नाही" असे डॉक्टर म्हणतात, आणि समोरची बाई आपल्या फुगलेल्या गुडघ्याकडे पाहत बसते.

मग या तपासण्या सांगतात तरी का? दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी १९८६ साली गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या खुणांची एक यादी केली. गुडघेदुखी आहे आणि नऊपैकी निदान पाच खुणा जुळल्या, तर निदान पक्के. पन्नाशीपुढचे वय, सकाळचा अर्ध्या तासाहून कमी आखडलेपणा, हलवताना करकर, हाडावर दाबले की दुखणे, हाड जाड लागणे, हाताला गरम न लागणे, वगैरे. त्याच यादीत एक खूण आहे: ईएसआर ४० पेक्षा कमी. पाहा, चांगला ईएसआर दुखण्याच्या विरुद्ध पुरावा नाही. तो या आजाराच्या बाजूने उभा असलेला साक्षीदार आहे. आईचा २८ आकडा सांगत होता, की बाई, तुला दुखते आहे, आणि ते झिजेच्या संधिवाताचे आहे, आमवाताचे नाही. मी ऐकले उलटेच.

कोणी म्हणेल, ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सीआरपी थोडे वाढते असे वाचले आहे. बरोबर. १९९७ मध्ये लंडनच्या चिंगफर्ड भागातल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याचा हा आजार सुरू होत असलेल्या बायकांत सीआरपी किंचित जास्त आढळले. पण पुढे २०१० मध्ये रॉटरडॅमच्या आणि चिंगफर्डच्याच माहितीवरून अभ्यासकांनी वजनाचा हिशेब धरून पुन्हा पाहिले, तेव्हा तो संबंध उरला नाही. पोटावरची चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडत असते. म्हणजे सीआरपी ६ किंवा ७ आले, तर ते गुडघ्यापेक्षा कमरेच्या घेराबद्दल अधिक बोलत असते. सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री सराफा असा ज्यांचा नित्यक्रम आहे, त्यांनी हे मनावर घ्यावे. मी कोणाकडे बघून बोलत नाही!

आता उलट बाजू सांगते, कारण नॉर्मल कागदाने जसे नुकसान होते, तसे किंचित बिघडलेल्या कागदानेही होते.

आमच्या ओळखीच्या एक काकू. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी कुठेतरी सवलतीत मिळणारे 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' करून घेतले. हिमोग्लोबिन ९. ईएसआर ४५. आरए फॅक्टर मर्यादेच्या जरासा वर. कोणीतरी तो कागद पाहून आमवाताची गोळी लिहून दिली, त्यात स्टिरॉइड होते. चार दिवसांत काकूंना तरतरी आली. स्टिरॉइडने येतेच. मग ती गोळी त्या तीन वर्षे दुकानातून आपल्या आपण आणत राहिल्या. साखर वाढली, चेहरा सुजला, आणि न्हाणीघरात साधे घसरून मणका पिचला. त्यांना आमवात कधीच नव्हता. होता तो रक्तक्षय, ज्याने ईएसआर वाढवला होता. आणि आरए फॅक्टर निरोगी माणसांतही, विशेषतः उतारवयात, थोडा वाढलेला आढळतो. क्षयरोगात, यकृताच्या काही विकारांतही वाढतो. शंका खरीच असेल, तर अँटी-सीसीपी नावाची अधिक नेमकी तपासणी असते. आणि त्याहीआधी हातांच्या बोटांचे सांधे कोणीतरी दाबून पाहायला हवेत.

या पॅकेजांबद्दल एक साधे गणित सांगते. छापील मर्यादा अशी ठरवलेली असते, की शंभर निरोगी माणसांतली पंच्याण्णव तिच्यात बसावीत. म्हणजे दर तपासणीला पाच निरोगी माणसे बाहेर पडणारच. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता चौसष्ट टक्के होते. तुम्ही पैसे देऊन काळजी विकत घेता, आणि सवलत मिळाली म्हणून खूश होता.

पण म्हणून तपासण्या निरुपयोगी, असे म्हणत कोणी घरी जाऊ नये. तिसरी गोष्ट त्यासाठीच सांगते. माझे एक मामा, अडुसष्ट वर्षांचे. गुडघे जुनेच दुखणारे. त्यात पाठ दुखू लागली, थकवा वाटू लागला, वजन उतरले. घरातल्या सगळ्यांनी, त्यात मीही आलेच, "वय झालं आता" म्हणून सोडून दिले. शेवटी रक्त पाहिले तर हिमोग्लोबिन ८ आणि ईएसआर ११८. मी नळी दुसऱ्यांदा लावली. तेवढाच आला. शंभरच्या पुढचा ईएसआर झिजेने येत नाही. त्याच्यामागे बहुधा मोठा जंतुसंसर्ग, कर्करोग किंवा मोठा दाहविकार असतो. मामांना मल्टिपल मायलोमा निघाला, अस्थिमज्जेचा कर्करोग. उपचार झाले, आणि मामा आणखी काही वर्षे आमच्यात राहिले. त्या वेळी तो कागद झाला नसता, तर ती वर्षे मिळाली नसती.

तेव्हा रक्त केव्हा तपासावे? एकच सांधा अचानक लाल, गरम आणि टम्म झाला, विशेषतः ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सांध्यात जंतू शिरले असतील तर थांबणे परवडत नाही. सकाळचा आखडलेपणा तासतासभर राहत असेल, हातांची बोटे दोन्हीकडे सुजत असतील, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, वजन कमी होत असेल, तर तपासणी हवी. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे, मांड्या अचानक आखडल्या आणि हात वर करून वेणी घालता येईना, तर हवी. त्यात कानशिलाकडे डोके दुखत असेल किंवा दृष्टी अंधूक होत असेल, तर आजच्या आज हवी, कारण डोळे जाऊ शकतात. आणि ज्यांनी गुडघा बदलून घेतला आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे, की शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत सीआरपी खूप चढते आणि काही आठवड्यांत उतरते. ते स्वाभाविक आहे. उतरलेले पुन्हा चढू लागले आणि गुडघा दुखू लागला, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा.

यातले काहीही नसेल, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, चालण्या-चढण्याने दुखत असेल आणि सकाळचे आखडणे अर्ध्या तासात सुटत असेल, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निदानासाठी एक्स-रेचीही गरज नाही. अनुभवी डॉक्टरने विचारून आणि हात लावून पाहिले की पुरते.

आता पुन्हा आईकडे येते.

ते वाक्य ऐकल्यावर मी तिला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे नेले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. मी फाईल पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली आणि आईला विचारले, "आजी, सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ आखडलेला राहतो?"

आई म्हणाली, "चहाला उकळी येईपर्यंत."

मंडळी, हे निदान होते. आमवाताचा माणूस सांगतो, "दहा-अकरा वाजेपर्यंत अंग सुटत नाही." आईचा गुडघा चहाच्या उकळीत सुटत होता. मी तिचे रक्त चार वेगवेगळ्या कसोट्यांवर तपासले होते, पण हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. मी तिची मुलगी होते आणि डॉक्टरही होते.

त्या मुलीने पहिल्यांदा तिला सांगितले, की दुखते ते खरे आहे. मग दुसरे सांगितले, की गुडघा बसवून ठेवल्याने वाचत नाही. 'झीज' हा शब्द आपल्याला फसवतो. वापरल्याने वस्तू झिजते, म्हणून वापरू नये, असे आपल्याला वाटते. सांधा हलवल्याने त्याला पोषण मिळते, आणि मांडीच्या पुढचा स्नायू बळकट असेल तर गुडघ्यावरचा भार तो उचलतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे. सपाट रस्त्यावर चालायचे. आधी दुसऱ्या हातात काठी धरायची, म्हणजे उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. सुरुवातीला थोडे जास्त दुखते, त्याने घाबरायचे नाही. वजन असेल तर कमी करायचे. एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. औषधांत आधी डायक्लोफेनॅकचे मलम. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरला विचारून, थोड्या दिवसांपुरत्या, कारण त्यांनी पोट बिघडते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पुडीत बांधून मिळणाऱ्या नाव नसलेल्या चूर्णापासून दूर राहा. चार दिवसांत चमत्कार दिसला, तर त्यात स्टिरॉइड असण्याचा संशय घ्या. आणि एवढे करूनही चालणे अशक्यच झाले, तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे. तो निर्णयही दुखणे आणि चालणे पाहून घ्यायचा असतो, ईएसआर पाहून नव्हे.

आईने चार महिने नेमाने केले. बडबड करत केले, पण केले. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला. दुखणे गेले नाही. निम्म्यावर आले असे ती म्हणायची. पण दसऱ्याला ती स्वतः वर गेली आणि देव पुन्हा देवघरात ठेवले.

मी सवयीने तिचे रक्त पुन्हा तपासले. ईएसआर ३०. सीआरपी ४. दोन वर्षे ती खोलीत बसून होती तेव्हा जवळजवळ हेच आकडे होते, आणि ती पुन्हा भजनाला जाऊ लागली तेव्हाही हेच. कागदाला यातले काही कळले नव्हते.

म्हणून घरी जाऊन, किंवा हे वाचून झाल्यावर, एवढे करा. तुमच्या घरात कोणी असेल, आई, सासूबाई, काका, जे खुर्चीतून उठताना क्षणभर थांबतात, त्यांना रिपोर्ट विचारू नका. त्यांना विचारा, सकाळी किती वेळ आखडतं? कुठला जिना अवघड जातो? कशाला जाणं बंद केलंस? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. रिपोर्ट नॉर्मल असला, तर त्यांना सांगा, की मोठा आजार नाही, ही आनंदाची गोष्ट आहे, आणि दुखते तेही खरे आहे. ही दोन्ही वाक्ये एका दमात सांगायची असतात. मी पहिलेच सांगितले होते.

आता उठताना खुर्चीचे हात न धरता उठून पाहा. आणि पुढच्या वर्षी सतरंजीवर त्या नातवाला सोबत मिळावी, एवढी इच्छा व्यक्त करून थांबते.